आधी वास येईल त्याने

न फोडलेलं ओल्या टिशूंचं पाकीट.

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारतंय. ती काही सुरू होत नाही.

आंबट... दुधाचा वास.

"तुला येतोय?"
"छे. तुला?"
"मला सर्दी झालीये."

एक केस. लांब. पांढरा.

हे सगळं एकाच घरातलं आहे आणि घडलेलं आहे. ज्यांच्या बाबतीत घडलं ते दोघं आमच्या अगदी जवळच्या नात्यातले. आजही विषय निघाला की ती उठून आत जाते आणि तो हात धुवायला लागतो. अंधार नव्हता, वादळ नव्हतं. भर दुपार होती, आणि तिसऱ्या मजल्यावरचं लख्ख उजेडाचं घर.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. ती दातांची डॉक्टर. मित्र त्यांना चष्मेवाला आणि दातवाली म्हणत. दिवसभर लोकांची किडकी तोंडं बघून दातवाली घरी पोटभर जेवायची. चष्मेवाल्याला काचेवरचा बोटाचा ठसाही खपायचा नाही. पण बाळ झालं, आणि दोघंही एका गोष्टीपुढे सपशेल हरले.

शी.

पिवळी, पातळ, मांड्यांच्या वळ्यांत शिरणारी. पाठीवरून थेट मानेपर्यंत चढणारी. डायपरची पट्टी सोडतानाच त्याला उमासे यायचे.

"मी नऊ महिने वागवलं," ती म्हणायची. "आता तू पूस."

"अगं, माझ्याच्याने होत नाही."

"मग माझ्याच्याने कसं होतं? मला काय नाक नाही?"

एका मोठ्या भांडणानंतर नियम ठरला. ज्याला आधी वास येईल, त्याने साफ करायचं.

नियम चोख होता. त्या दिवसापासून घरात कुणालाच वास येईना.

तो बाळाच्या खोलीवरून श्वास रोखून जायचा. ती खिडकीशी उभी राहून रस्त्यावरची ती सुरू न होणारी स्कूटर न्याहाळायची. बाळ कुरकुरायचं... आणि मग गप्प व्हायचं.

वास जायचा.

हरली बिचारी, असं त्याला वाटायचं. तो गुपचूप चहा करून तिच्यापुढे ठेवायचा. ती चहा घेत गालात हसायची.

तिला वाटायचं, हरला बिचारा.

सासूबाई व्हिडिओ कॉलवर खूश होत्या. "जावईबापू, लेकराला किती स्वच्छ ठेवलंय हो! नुसतं चकाकतंय!"

चकाकत होतं खरं. गाल, पोट, मांड्या... सगळ्यावर एक पातळ, ताणलेली चकाकी. अंड्याचा पांढरा बलक वाळावा तशी.

मग तो केस सापडला. बाळाच्या मानेच्या वळीत अडकलेला. त्याने ओढला, तर ओढतच राहिला. ओला होता. बोटाला चिकटला.

"तुझ्या आईचा असेल," तो म्हणाला.

"आई अजून आलीये कुठे इथे?"

त्या दुपारी तो कचऱ्याचा डबा खाली न्यायला निघाला. वरचा डायपर उलगडला.

डाग नव्हता.

म्हणजे तो वापरलेला होता. आतला कापूस भिजलेला, ओरबाडलेला, चोथा झालेला. पण पिवळं काही... कणभरही नाही.

त्याने दुसरा उघडला. तसाच.

तिसरा. तसाच.

टिशूंचं पाकीट कपाटात होतं. न फोडलेलं.

तो स्वयंपाकघरात आला. ती बाटल्या उकळत होती.

"तू त्याला पुसतेस कशाने?"

"मी?" ती वळली. "तूच पुसतोस ना?"

तिने गॅस बंद केला.

आणि तेवढ्यात आतून वास आला.

"येतोय," तो म्हणाला. पहिल्यांदाच खरं बोलला.

"मलाही."

दोघंही इथे. बाळ तिकडे. आणि तरी पाय उचलेनात.

मग...

चप्.

चप्... चप्...

ताटली चाटून पुसल्यासारखा आवाज. सावकाश. चवीने. मध्येच एक घोट गिळल्याचा.

वास विरत गेला. आणि संपला.

तो धावला. दारातच थिजला.

बाळ पाळण्यात उताणं, उघडं. दोन्ही पाय वर. घोटे एकमेकांना जोडलेले, आपण पुसताना एका हाताने धरतो ना, अगदी तसे.

धरणारं कुणी नव्हतं.

त्याच्या डोळ्यांदेखत ते पाय हळूहळू खाली आले. जपून. मायेने ठेवल्यासारखे.

बाळ हसलं. त्याच्याकडे बघून नाही.

त्याने बाळाला उचललं. हात कोपरापर्यंत बुळबुळीत झाले. कोमट, चिकट, तार सुटणारं काहीतरी शर्टात झिरपलं. तो स्वतःच्या खांद्यावर ओकला. पण बाळाला सोडलं नाही.

तिने बाळाच्या पोटाजवळ नाक नेलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा तोंडाचा वास आहे," ती म्हणाली. "हिरड्या कुजलेलं तोंड. खूप... खूप म्हातारं."

रोज असली तोंडं उघडून बघणारी दातवाली बेसिन गच्च धरून ओकत राहिली.

संध्याकाळच्या आत त्यांनी घर सोडलं. सामान नंतर हमालांकरवी आणलं. पाळणा आणला नाही.

आता नव्या घरात जरा वास आला की दोघंही धावतात. दारात एकमेकांवर आदळतात. चष्मेवाला मनगटापर्यंत हात घालून पुसतो, उमासे गिळत, नाक न दाबता. कुणी थट्टा केली तर हसतही नाही.

पण टिशू लागला की बाळ किंचाळतं. निळं पडेपर्यंत रडतं.

त्याने हात मागे घेतला की थांबतं. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतं...

आणि आपणहून दोन्ही पाय वर करून वाट बघत राहतं.

ते जुनं घर घेण्याआधी दोघं पहिल्यांदा बघायला गेले, तेव्हा सगळ्या घरात बोटभर धूळ होती. पुढे बाळाची झाली, त्या लहान खोलीची फरशी तेवढी स्वच्छ होती. नुसती चकाकत होती.