हिलालच्या पेटीतली ओली पत्ती

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. माझे साडू हितेंद्र मास्तर थापा मारणाऱ्यातले नाहीत. आणि ही गोष्ट रात्रीची नाही, शिरपुरातल्या यंदाच्या उन्हाळ्यातल्या भर दुपारची आहे.

डीजेपायी मास्तरांची बँड पार्टी बंद पडायला आली होती. रतिलाल नानांच्या मुलीचं लग्न ही शेवटची आशा. काहीतरी वेगळं वाजवायचं म्हणून भाच्याने एका अमेरिकन संगीतकाराचा अल्बम मोबाईलवर पाठवला. सगळ्या रचना बँडसाठीच लिहिलेल्या. मास्तर हरखले.

अडचण एकच. एका रचनेत क्लॅरिनेट एकटीच वाजते, आणि क्लॅरिनेटवाला हिलाल दिवाळीत वारला होता.

पार्टीची रीत अशी, की गेलेल्याचं वाद्य वर्षश्राद्धापर्यंत कुणी फुंकायचं नाही. मग घरच्यांनी आपल्या हाताने द्यायचं. मास्तरांनी हिलालच्या बायकोला, सुनंदाबाईंना, विचारलंसुद्धा नाही. ट्रम्पेटवाल्या पितांबरला म्हणाले, "उद्यापासून हिलालची क्लॅरिनेट तू वाजव."

त्या दुपारी मास्तर बँडच्या दुकानात एकटेच अल्बम ऐकत होते.

क्लॅरिनेट सुरू झाली...

शेवटच्या लांब सुरावर एक मुरकी आली.

ती हिलालची मुरकी होती. वरात दारात आली की तो घ्यायचा, तीच. अमेरिकेतल्या माणसाला ती कुठून येणार?

मास्तरांनी मोबाईल बंद केला.

सूर थांबला नाही... तो आतल्या खोलीतून येत होता.

मास्तर आत धावले. कुणीच नव्हतं. हिलालच्या क्लॅरिनेटच्या पेटीला कुलूप.

खुंटीवरच्या किल्लीने उघडली, तर क्लॅरिनेटची तोंडात धरायची पत्ती ओली...

संशय सरळ पितांबरवर गेला.

"मी हात बी लावा नही, मास्तर. मी तं वावरमा व्हतू."

मास्तरांना पटलं नाही. पेटीला कुलूप घालून किल्ली त्यांनी करदोड्याला बांधली. क्लॅरिनेटची ती एकटीची जागा आता ट्रम्पेटवरच वाजवायची ठरली.

लग्नात ती जागा आली. मास्तरांनी पितांबरला खूण केली.

ट्रम्पेट वाजलाच नाही...

क्लॅरिनेट वाजली. मुरकीसकट.

"तुम्हना क्लॅरिनेटवाला लई भारी शे," रतिलाल नाना म्हणाले. "त्याले जेवाले बसाडा."

मास्तर तडक पितांबरकडे गेले. त्याच्या हातात ट्रम्पेटच होता.

"तू थांबलास का?"

"आम्हले बठ्ठासले वाटनं, तुम्हीच मोबाईलवर गानं लायेल शे."

मोबाईल दुकानात चार्जिंगला होता.

आता पुढच्या सुपाऱ्या येतायत. प्रत्येकाला तोच क्लॅरिनेटवाला हवा. मास्तर हो म्हणतात आणि करदोड्याची किल्ली चाचपतात. सुनंदाबाईंना अजून काही सांगितलेलं नाही.

संशय त्यांचा आजही पितांबरवरच आहे. तो खरा निघावा, असं त्यांना मनापासून वाटतं.