खंडेनवमीला उघडलेला कॉम्प्युटर

"कॉम्प्युटरला कसलं भूत, भाऊकाका?" तेजल खुदकन हसली.

आरती आटोपून मुलं गच्चीवर बसली होती. भाऊरावांनी आवाज खाली आणला.

"हस, हस. मार्तंडही असाच हसायचा. माझा मित्र, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं सांगितलं तेच सांगतो, पदरचं एक अक्षर नाही."

दोन हजार बावीसची खंडेनवमी, मंगळवार. मुलुंड पूर्वेला, नवघरच्या बाजूला राहणाऱ्या वनमालावहिनींचा त्याला फोन आला. जेवून, बॅग घेऊन मार्तंड सव्वानऊला त्यांच्याकडे पोचला. काम साधंच. कॉम्प्युटर मधेच अडकायचा आणि संध्याकाळपासून तर सुरूच होईना.

वहिनींची श्रुतिका रडकुंडीला आलेली. तिची दोन वर्षांची चित्रं त्यात होती. डिझाइन कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी ती रात्री बाराच्या आत पाठवायची होती. कॉम्प्युटर तिच्या आजोबांचा, चंद्रप्रकाशांचा. म्हातारा श्रावणात गेला. "चित्रं काढून कुणाचं भलं झालंय?" म्हणायचा. त्याच्या मशीनला कुणी हात लावलेला खपायचा नाही.

"आजच पूजा केली हो त्याची," वहिनी म्हणाल्या. "पुजलेलं दसऱ्यापर्यंत उघडत नाहीत आमच्यात. पण पोरीचं वर्ष जाईल."

"देवी समजून घेईल, वहिनी."

"देवीचं भय नाही मला," त्या हळूच म्हणाल्या.

मार्तंडनं वायर काढून झाकण उघडलं. आतल्या पंख्यात अक्षता अडकलेल्या, वर कुंकवाचा थर.

"घ्या! पूजा केलीत की जेवू घातलंत त्याला?"

त्यानं ब्रशनं सगळं झाडलं. रॅम काढून तिची सोनेरी कड खोडरबरानं पुसली, परत बसवली. वायर लावली. मशीन सुरू झालं! श्रुतिकानं चित्रांचा फोल्डर उघडला, आणि...

अडकलं.

पुन्हा सुरू केलं. बाकी सगळं उघडत होतं, तेवढा एक फोल्डर नाही. तिसऱ्या वेळी पडदा काळा झाला तो झालाच.

पावणेअकरा वाजले.

"डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावतो," मार्तंड म्हणाला. त्यानं भिंतीतला प्लग उपसला.

पंखा थांबला नाही.

प्लग त्याच्या हातात होता. पंखा फिरत होता. वेग वाढत होता.

"आई..." श्रुतिका पुटपुटली.

घटापुढच्या नंदादीपाची ज्योत आडवी झाली. खिडक्या बंद होत्या.

मार्तंडनं डिस्कला हात घातला. त्याच्या मनगटावर मागून पंजा पडला. थंड. हाडकुळा. नखं रुतली.

मागे कुणी नव्हतं.

कानाशी श्वास... मग घोगरा आवाज.

"माझं आहे."

वहिनींनाही तो ऐकू आला. त्या दिव्याला हाताचा आडोसा करून बसल्या.

"आबा, वीस वर्षं तुमचं ऐकलं. आज नाही." मग त्या देवीचं नाव घेऊ लागल्या. "मार्तंडभाऊ, तुम्ही काढा."

पकड आवळली. मनगट कडकडलं.

त्यानं डिस्क ओढली.

पंखा थांबला.

लॅपटॉपवर सगळी चित्रं धड उघडली. अकरा पन्नासला श्रुतिकानं ती पाठवली. पोरगी आज स्कॉलरशिपवर शिकतेय.

"म्हणजे सुटला ना तो?" पिंटूनं विचारलं. तेजल आता हसत नव्हती.

भाऊराव पुढे सरकले.

"मनगट बरं झालं. पण महिनाअखेरीला रेशन आणायला गेला. मशीनवर अंगठा लागेना. दुकानदार म्हणाला, दुसरं बोट लाव. तेही लागेना. तिसरं... चौथं... शेवटी त्यानं मार्तंडचा हात उलटा करून बल्बखाली धरला."

"मग?"

"डिस्क काढली तोच हात. पाचही बोटांवर एक रेघ नाही. काचेसारखी गुळगुळीत. अजून तशीच आहेत."