दोन नंबरचा ठणठणीत पेशंट

घड्याळजींच्या बायको दाजींच्या ऑफिसात आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"आमचे हे गुडघ्याच्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले. आज अठरा दिवस झाले. जखम वाहतेय, ताप उतरत नाही, एकही औषध लागू पडत नाही. जंतू कुठून आला ते कुणी सांगत नाही. तुम्ही शोधा."

दाजी खाजगी गुप्तहेर. पळालेले नवरे आणि खोटी मृत्युपत्रं शोधण्यात त्यांची हयात गेली होती. जंतूच्या मागावर ते कधी गेले नव्हते. सोबतीला त्यांचा मेव्हणा होता. प्रत्येक प्रकरणात गुन्हेगार सगळ्यांत आधी तोच ओळखायचा. फक्त माणूस चुकायचा.

हॉस्पिटलात सर्जन वैतागलेले होते. "स्टॅफिलोकोकस! एक नंबरच्या खाटेवरचा पेशंट दुसऱ्या दवाखान्यातून येताना जखमेत घेऊनच आला. मग तीनला झाला, मग चारला, म्हणजे घड्याळजींना. पाच औषधं दिली. हा जंतू ती पाण्यासारखी पितो."

"आणि दोन नंबर?"

"ठणठणीत. का, ते विचारू नका."

सिस्टर ताठ उभ्या होत्या. "हात धुतल्याशिवाय माझ्या वॉर्डात माशीसुद्धा पेशंटवर बसत नाही."

जखमा बांधणारा ड्रेसर ट्रॉली ढकलत आला. "बावीस वर्षं हेच करतोय, साहेब. एकपासून सुरू करतो, ओळीने चारपर्यंत. पेशंट बदलला की हातमोजे बदलतो. विचारा कुणालाही."

ट्रॉलीच्या कडेला चिकटपट्टीचे वीतभर तुकडे ओळीने लटकत होते.

"हे काय?" दाजींनी विचारलं.

"मोजे घालून पट्टी फाडायला गेलं की बोटांनाच चिकटून बसते. म्हणून सकाळीच फाडून ठेवतो. पेशंट ताटकळायला नको."

दोन नंबरवर एक पोस्टमन सफरचंद खात बसला होता. "मला चिकटपट्टी सोसत नाही हो, चट्टे उठतात. म्हणून कापडी पट्टी गुंडाळतात. पाय बघा, पार्सल केलंय माझं!"

मेव्हण्याने दाजींना कोपऱ्यात ओढलं. "हाच तो! तिघं तापाने फणफणलेत आणि हा सफरचंद खातोय!"

"मेव्हणे, आज पहिल्यांदा तुम्ही योग्य माणसापाशी पोचलात," दाजी म्हणाले. "फक्त उलट्या बाजूने."

ड्रेसरने एक नंबरची जखम बांधून संपवताच दाजींनी ट्रॉलीवरचे उरलेले दोन तुकडे मागून घेतले आणि तपासणीला पाठवले.

तिसऱ्या दिवशी सगळे सिस्टरांच्या खोलीत जमले. घड्याळजींच्या बायको दाराशी उभ्या होत्या.

"सर्जन चौघांचे एकच, सिस्टर एकच, ड्रेसर एकच," दाजी म्हणाले. "मग पोस्टमन का वाचला? चौघांत वेगळी गोष्ट एकच. त्याला चिकटपट्टी लावत नाहीत. ड्रेसर मोजे बदलतात, हे खरं. पण एक नंबरची जखम पुसलेल्या मोज्यांनीच ते कडेचा तुकडा ओढतात आणि शेजारच्या तुकड्यांना बोटं लागतात. मग मोजे नवे, पट्टी तीच. ती तीनवर, ती चारवर. तपासणीत तोच जंतू निघाला. पाचही औषधांना दाद न देणारा."

ड्रेसर स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. "मी तर… पेशंट ताटकळू नये म्हणून…"

त्याला रागवावं, असं कुणालाच वाटेना. सिस्टरांनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"आजपासून प्रत्येक पेशंटला चिकटपट्टीचं वेगळं रीळ," सर्जन म्हणाले. "पाचव्याला होणार नाही."

"आणि चौथ्याला?" घड्याळजींच्या बायकोने विचारलं. "आता कळलं ना सगळं? आता औषध लागू पडेल ना?"

"एकच उरलं होतं, ते परवापासून चालू आहे," सर्जन हळू आवाजात म्हणाले. "ताप तसाच आहे. जंतू कुठून आला हे कळल्याने तो जात नाही हो, वहिनी."

त्या सरळ वॉर्डात गेल्या. दाजी आणि मेव्हणा मागोमाग गेले.

घड्याळजींनी डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते.

"सापडला का गं?"

"सापडला."

"बरं झालं." त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. "मग घरी कधी?"

बाईंनी दाजींकडे पाहिलं. आणि दाजींनी, आयुष्यात पहिल्यांदाच, उत्तरासाठी मेव्हण्याकडे पाहिलं.