न बघता अर्धा तास

तिनं सर्व्हर रूमचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थिजली. आत कोणीतरी होतं.

फायरवॉलच्या कपाटाला पाठ टेकून, जमिनीवर मांडी घालून, एक अनोळखी माणूस बसला होता. डोक्यावर पिवळी लोकरीची टोपी, मांडीवर लॅपटॉप आणि हातात अर्धवट सोललेलं संत्रं.

"कोण तुम्ही? आत कसे आलात?"

"दारातून," तो शांतपणे म्हणाला. "उघडंच होतं."

हे दार उघडं? कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघणारी ती. गॅस बंद आहे ना, हे बघायला जिन्यातून परत वर जाणारी ती. ऑफिसात सगळे तिला 'टॉर्च' म्हणायचे, ते काय उगाच? पण मघाशी वहिनीचा फोन आला, "अगं, पिल्लू दिसेनासं झालंय..." आणि ती जी आपल्या टेबलावरच्या पडद्यावर बघायला धावत सुटली, ती दाराचं भानच विसरली होती.

"मी कंपनीचा माणूस. तुमच्या साहेबांनी बोलावलंय. हा फायरवॉल आमचाच."

"आणि ही टोपी?"

"एसी बघितलात का इथला? कान गारठतात माझे."

"कंपनीवाले टोपी घालतात हे ऐकून होते," ती म्हणाली. "स्वतः घालून येतात, हे आजच पाहिलं."

तो हसला. आवाज न करता, फक्त डोळ्यांनी... आणि संत्र्याची एक फोड तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली नाही. पण तो हात तसाच पुढे राहिला. शेवटी घ्यावी लागली.

ती जिथले कॉम्प्युटर सांभाळायची, ते हॉस्पिटल नवजात बाळांचं होतं. दिवस भरायच्या आत आलेली, मुठीएवढी बाळं वरच्या मजल्यावर काचेच्या पेट्यांत झोपायची. प्रत्येक पेटीवर छोटासा कॅमेरा. घरी गेलेल्या आया आपलं बाळ मोबाइलवर बघायच्या. आता त्या पेट्यांपैकी एकीत तिची भाची, पिल्लू, होती. वहिनीला ताप होता, म्हणून डॉक्टरांनी तिला घरीच थांबायला सांगितलं होतं. आईला बाळ दिसायचं ते फक्त त्या चित्रात.

आणि चित्र रोज काळं पडत होतं. हॉस्पिटल आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये बसलेला हा फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. आलेल्याला लक्षात ठेवायचं आणि तो गेला की विसरायचं, एवढंच त्याचं काम. गेले काही आठवडे मात्र तो विसरेनासा झाला होता. मेमरी भरत जायची, काठोकाठ व्हायची आणि मशीन गपकन झोपी जायचं. मग बंद करून चालू करायचं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"आमच्यात याला गळती म्हणतात," तो म्हणाला.

"गळती कसली? उलट साचतंय."

त्यानं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. कोपऱ्यात एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं. "खरंय. गळतंय ते फक्त तिथे."

तिचा फोन वाजला. साहेब. ती काही न सांगता बाहेर पडली आणि परतली ती पांढरीफटक होऊन. संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही, तर कॅमेरे कायमचे बंद. पेशंटचे रिपोर्ट अडकतात, ते जास्त महत्त्वाचं, असं साहेबांचं म्हणणं. चूक तरी कसं म्हणणार?

"मग आधी कॅमेरेच बंद करून बघू," तो म्हणाला. "साहेबांचा संशय त्यांच्यावरच आहे ना?"

तिनं वहिनीला फोन लावला. "थोडा वेळ चित्र जाईल. घाबरू नकोस. औषध घेतलंस ना?" उत्तर यायच्या आत तिनं फोन ठेवलाही.

"तुम्ही 'येते' कधी म्हणत नाही का?" त्यानं विचारलं. "मघाशी तशाच गेलात. आत्ता फोनही तसाच ठेवलात."

"कामाच्या ठिकाणी कोण म्हणतं 'येते'?" ती तुटकपणे म्हणाली.

कॅमेरे बंद केले. पडद्यावरची मेमरीची रेघ चढतच राहिली.

बाहेरचं जग तोडलं. रेघ चढतेच आहे.

मग त्यानं एकेक तार उपटायला सुरुवात केली. लॅबची, ऑफिसची, सगळ्यांची. उरली फक्त तिच्या लॅपटॉपची एक. आता आत येणारं कोणी नव्हतं, बाहेर जाणारं कोणी नव्हतं. आणि तरी तिच्या डोळ्यांदेखत मेमरी भरत होती.

ती पडद्यावर वाकली. "कोणीच नाही... मग हा लक्षात कोणाला ठेवतोय?"

टोपी कपाळावर ओढून तो त्या रेघेकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते प्रश्नावर आहे."

"मेमरी भरतेय हे आपल्याला कळतं कसं?"

"माझा प्रोग्राम विचारतो त्याला. सारखा. मी बसवलाय."

"कधी?"

तिनं बोटांवर आठवडे मोजले. पिल्लू आलं त्याच आठवड्यात सफाईच्या वेळी एक तार निसटली होती आणि चित्र गेलं होतं. वहिनी फोनवर जे ओरडली... ते अजून कानांत होतं. त्याच दिवशी तिनं हा प्रोग्राम लिहिला. दर दोन सेकंदांनी फायरवॉलला विचारायचं... ठीक आहेस ना? ठीक आहेस ना?

"नाही," ती म्हणाली. "शक्यच नाही. मी त्याची काळजी घेतेय."

"असेलही. पण खात्री करायची एकच पद्धत आहे. विचारणं बंद करायचं. अर्धा तास बघायचं नाही."

"बघायचं नाही?" कोणी श्वास घेऊ नको म्हणावं, तशी ती दचकली. "आणि तेवढ्यात बंद पडला तर?"

"तर पडेल. मी आहे ना."

तिनं प्रोग्राम थांबवला. बोट बटणावरून उचलवेना. तिनं लॅपटॉप मिटला, पुन्हा किलकिला केला, पुन्हा मिटला. त्यानं तो अलगद काढून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला.

"चला, इथे बसलात तर पिशवी उघडाल. तुमची भाची दाखवा मला."

"कॅमेरे बंद आहेत की."

त्याला क्षणभर कळलंच नाही. "वर जाऊन म्हणतोय मी. एक जिना तर आहे."

ती उभ्या जागी सुन्न झाली. एक जिना... दिवसभर ती पिल्लाला मोबाइलवर बघत होती, टेबलाशी, लिफ्टमध्ये, जेवताना. पण काचेपाशी शेवटची कधी गेली होती? तिला आठवेना.

वर काचेला कपाळ लावून ती उभी राहिली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?" तो घाबरला.

"भुवया," ती कुजबुजली. "हिला भुवया आल्यात... चित्रात दिसल्याच नाहीत कधी."

अगदी बारीक, पेन्सिलीनं ओढाव्यात तशा. नाकातली नळी गेली होती. पिल्लाच्या डोक्यावर पिवळी लोकरीची टोपी होती. तिनं बाळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आमच्या कुटुंबाची फॅशन आहे," तो म्हणाला.

"तुमच्या कुटुंबात कधीपासून आली ती?"

हे बोलून गेल्यावर तिचे कान तापले. त्यानं टोपी काढून हातात धरली... आणि टोपीशिवाय तो एकदम लहान दिसला.

तिनं वहिनीला फोन लावला आणि तो त्याच्या हातात दिला. "धरा जरा. मला काचेपासून हलायचं नाहीये." मग ती डोळ्यांना दिसेल ते सांगत राहिली. जांभई दिली. मूठ उघडली. भुवया आल्यात.

"कोणासारख्या?" फोनमधून वहिनीचा रडवेला आवाज.

"दादासारख्या."

"अरे देवा," वहिनी रडता रडता हसली. "आणि फोन कोणी धरलाय? श्वास ऐकू येतोय कोणाचातरी."

"कंपनीचा माणूस."

"बरं," वहिनी म्हणाली. एवढंच, पण फार लांबवून.

या वेळी फोन वहिनीनं ठेवला. दोघं काचेसमोर उभी राहिली. ती पुटपुटली, "शेवटचं 'येते' मी आईला म्हटलं होतं. दवाखान्यात, तिच्या उशाशी बसले होते. चहा घेऊन येते म्हणाले... आले तेव्हा ती नव्हती. तेव्हापासून म्हणवतच नाही. आणि नजरही हटवत नाही कशावरून."

त्याच्या बाहीचं टोक तिच्या मनगटाला लागलं आणि तिथेच राहिलं.

खाली येऊन त्यानं लॅपटॉप तिच्या हातात दिला. तिनं एकदाच पाहिलं. रेघ जिथे सोडली होती तिथेच, ताटातल्या पाण्यासारखी सपाट.

ती धपकन खाली बसली. "म्हणजे मी. रोज... वहिनीचं चित्र मीच घालवत होते?"

"विचारून झाल्यावर तुमचा प्रोग्राम निरोप घेत नाही. तसाच निघून जातो. आणि आमचा हा वेडा प्रत्येक वेळी दार उघडं ठेवून बसतो, परत येईल म्हणून." तो तिच्यासमोर बसला. "चूक अर्धी आमची. न सांगता गेलेल्याची वाट किती बघायची, हे याला कोणी शिकवलंच नाही. ते मी आज दुरुस्त करतो. निरोपाची ओळ तुम्ही लिहा."

ती ओळ लिहायला तिला फारसा वेळ लागला नाही. उपटलेल्या तारा परत जोडल्या, कॅमेरे पुन्हा चालू झाले. रेघ थोडी चढली, थोडी उतरली. उतरताना ती पहिल्यांदाच दिसत होती.

साहेबांचा निरोप आला, लगेच भेटा. तिनं लॅपटॉप मिटला. "सगळं सांगणार आहे मी त्यांना. माझ्यामुळे झालं ते."

"अर्धं माझ्या नावावर सांगा." तो आपल्या तारा गुंडाळू लागला. "काम झालं म्हणायचं. आता हा बंद पडणार नाही. म्हणजे... मला बोलवायचं कारणही नाही."

ती उठली आणि नेहमीसारखी काही न बोलता बाहेर पडली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकली. मागे फिरली. दारात उभी राहिली.

"येते," ती म्हणाली.

त्याच्या हातातल्या तारा जमिनीवर पडल्या. तो तिच्याकडे बघतच राहिला, स्वतःला चिमटा काढून बघावा तसा चेहरा करून.

"किती वेळ थांबू?" शेवटी त्यानं विचारलं. "सांगून जा. ती दुरुस्ती मशीनमध्ये केलीय, माझ्यात नाही."

"संत्रं संपेपर्यंत."

"संपलंय ते."

"मग दुसरं सोला... सावकाश."

ती जिना चढू लागली. तो बसलाय की उठलाय, हसतोय की पिशवी भरतोय, एकदा वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. कठड्यावर तिचा हात घट्ट आवळला गेला.

दार सताड उघडं होतं. तिनं वळून पाहिलं नाही.