बीपीची गोळी आणि इंद्रजित

"मी काही ऐकलं नाही हं," मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

मी वळले. "काय नाही ऐकलं?"

"एकशे साठ."

हसावं की रडावं, कळेना. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात तपासणी शिबिर होतं. मी अवघी सत्तावीस वर्षांची, आणि डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, बीपी जास्त आहे, पुन्हा तपासा. मागे बसला होता साताऱ्याहून आलेला नवा इंजिनिअर, इंद्रजित.

"कुणाला सांगू नका, प्लीज... घरी माझ्या लग्नाचं बघतायत."

"नाही सांगणार. पण तुम्ही पुन्हा तपासून घ्याल ना?"

घेतलं. आकडा काही उतरेना, म्हणून गोळी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मीठ कमी, रोज चालायचं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही.

ऑफिस सुटलं की मी खाडीच्या कडेने चालायला लागले. काही दिवसांनी इंद्रजितही दिसू लागला.

"तुम्हाला कुठे बीपी आहे?"

"नाही... पण तुमच्या मागे धावून होईल लवकरच!"

मी वेग जरा कमी केला. त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण तो उगाचच खाडीकडे बघून हसला.

दिवाळीनंतर पनवेलचं स्थळ आलं. आई कानाशी कुजबुजली, "गोलीचा काय बोलू नको हां, बाय." पण पाहुणे समोर बसले, आणि माझ्या मनात आलं, जन्मभर गोळ्या लपवत, चोरून दवाखान्यात जायचं? मी सांगून टाकलं.

आठवड्याभरात नकार आला. आईने माझ्याशी बोलणंच टाकलं.

"नकार आला," मी खाडीवर इंद्रजितला म्हणाले.

"हुश्श!"

"हुश्श काय?"

"सॉरी, म्हणजे... वाईट झालं. छे, खोटं कशाला बोलू? जीव भांड्यात पडला माझा, सुचिता."

पहिल्यांदाच नुसतं नाव. माझे कान गरम झाले.

"गोळी कदाचित कायमची असेल," मी म्हणाले.

"असू दे ना. मी पण कायमचंच विचारतोय..."

मी फक्त त्याचा हात धरला — आणि त्याच रात्री आईला सगळं सांगितलं. ती पाठ फिरवून भांडी आवरत राहिली.

पुढच्या तपासणीला मात्र ती स्वतःहून सोबत आली. दंडावरचा पट्टा सुटला. "एकशे चोवीस," डॉक्टरीणबाई हसल्या, "छान! गोळी आणि चालणं असंच सुरू ठेवा."

आईने केवढा तरी श्वास सोडला. बाहेर येऊन तिने माझ्या खांद्यावरची ओढणी सारखी केली.

"त्या सातारच्या पोराला रविवारी जेवाला बोलव," ती म्हणाली.