तुमच्या तळ्याला रात्र होत नाही का?

तळ्याच्या शेवटच्या पायरीवर उकिडवी बसून ऋता एका माणसाला शिव्याशाप देत होती. त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो फक्त नंबर.

"बेचाळीस नंबर, मेल्या, तुला रोज करपलेला भात मिळो. आणि जेवायला बसलास की लाइट जावोत."

"करपलेला भात मला आवडते," मागून कुणीतरी म्हणालं. "तळाशी लागलेला... खरवड म्हणते ना माझी आजी, तो."

फेब्रुवारीतला रविवार. सकाळचे सहा. बालीगंजमधल्या त्या तळ्यावर धुकं असं बसलं होतं, की समोरचा काठ नुसता अंदाजानं होता. ऋतानं दचकून मागं पाहिलं. डोक्यावर तपकिरी माकडटोपी, त्यातून डोकावणारे दोन हसरे डोळे, आणि हातात... तिच्या हातात होती तशीच काचेची बाटली.

"तुम्ही मराठी?" तिनं विचारलं.

"थोडासा. पणजोबा इकडे बंगालात खिदिरपूरच्या गोदीत कामाला आले, ते राहिलेच. मी शौनक." तो जरा घुटमळला. "आणि... बेचाळीस पण मीच."

ऋताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. थंडीनं खचितच नव्हे.

त्याचं असं झालं होतं. मृणाल मॅडमनी यंदा पर्यावरणाच्या विषयाला प्रॅक्टिकलची वही बंद करून टाकली होती. वहीऐवजी ब्लॉग. दर आठवड्याला प्रत्येकानं आपापल्या तळ्यावर, नाल्यावर, झाडावर एक पोस्ट लिहायची, दुसऱ्या दोघांच्या पोस्टवर प्रश्न विचारायचा आणि आपल्याला आलेल्या प्रश्नाला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं. सगळ्याला गुण. सकाळच्या सेक्शनच्या मुली आणि दुपारच्या सेक्शनची मुलं, दोघांचा ब्लॉग एकच. नावं मात्र नाहीत, फक्त रोल नंबर. कारण नाव दिसलं की लोक प्रश्न विचारत नाहीत, मैत्रिणीला बदाम पाठवतात.

ऋताच्या पोस्ट सगळ्यांत वाचल्या जायच्या. तिला लिहिता यायचं, हे खरंच. आणि तिला जिंकायचंही होतं. उन्हाळ्यात एका संशोधन संस्थेत दोन महिन्यांचा प्रोजेक्ट होता, कॉलेजला जागा एकच, आणि ती ब्लॉगवरून ठरणार होती. बाबांची बँकेतली बदली नागपूरला झाली होती. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "जागा मिळाली तर हॉस्टेलवर राहा, पदवी इथंच पुरी कर. नाही मिळाली तर चंबूगबाळं उचलायचं आणि आमच्याबरोबर चलायचं." मॅडमनी तिचं नाव संस्थेला जवळजवळ कळवलंच होतं.

आणि मग बेचाळीस नंबरनं तिच्या पोस्टखाली लिहिलं: "पहाटे प्राणवायू ६.८ आणि दुपारी ६.९? रात्रभर मासे, शेवाळ, सगळेच पाण्यातला प्राणवायू वापरतात. पहाटे तो कमी व्हायला हवा. तुमच्या तळ्याला रात्र होत नाही का?"

ऋताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण ते आकडे तिचे नव्हतेच. दोन वर्षांपूर्वीच्या एका सीनियरच्या फाइलमधले होते. त्या सीनियरनं ते कुठून आणले, देव जाणे. विज्ञानाच्या प्रॅक्टिकलला रीडिंग फाइलमधून उतरवायची, हा आपल्याकडचा कुळाचार आहे. सगळे करतात, सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तोंड वर करून पास होतात. यात लाजायचं असतं हेच कुणी कुणाला शिकवत नाही. पण आता उत्तर देणं भाग होतं, म्हणून आज पहिल्यांदाच ऋता बाटली घेऊन तळ्यावर आली होती.

"मग इथं कशाला आलात?" ऋता फणकारली. "मला पकडायला?"

"नाही हो. मला वाटलं, माझाच काहीतरी चुकतंय." त्यानं टोपी काढून हातात घेतली. केस सगळे उभे. "तुम्ही इतकं छान लिहिता. म्हटलं, या तळ्यात खरंच काही वेगळं असेल. तुमचं बरोबर निघालं, तर प्रश्नाखाली माफी लिहायची होती."

भांडायची सगळी तयारी फुकट गेली.

ऋतानं बाटली पाण्यात बुडवली, वर काढली.

"बुडबुडा," तो म्हणाला.

"कुठाय?"

"बुचाखाली. एवढासा बुडबुडा राहिला ना, की हवेतला प्राणवायू मोजला जातो. पाण्यातला नाही. बूच पाण्याखालीच लावायची." तो तिच्या शेजारच्या पायरीवर बसला. "दाखवू?"

"दाखवा. पण भाषण नको."

त्यानं कोपरापर्यंत बाही सारली. बाटली पाण्याखाली तिरकी धरली, आणि बूच लावताना तिची बोटं त्याच्या बोटांखाली आली. पाणी बर्फासारखं होतं. दोघांनीही बोटं काढायला हवी होती त्यापेक्षा... थोडी उशिरा काढली.

बाटलीत एक थेंब या द्रावणाचा, एक त्या द्रावणाचा. तळाशी साका बसू लागला. प्राणवायू भरपूर असला की तो गडद तपकिरी होतो. हा फिकट होता. पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसा.

ऋता त्या फिकट साक्याकडे बघत राहिली. तळ्याच्या मध्यावर मासे वर येत होते, तोंड उघडत होते, बुडत होते.

"दुपारचं रीडिंग दोनला," शौनक म्हणाला. "तोवर थांबाल? कचोरी खाता?"

"खाते. तुम्ही बेतानं खाता की पोटभर?"

"आजी म्हणते, राक्षसासारखा."

सहा ते दोन. आठ तास. प्रेमात पडायला एवढा वेळ लागत नाही म्हणतात, लागतो. निदान ऋताला लागला. पहिला तास तिचा राग जाण्यात गेला. दुसऱ्या तासात, कचोरीच्या दुकानाबाहेरच्या बाकावर, मातीच्या कुल्हडातला चहा गार होत असताना तिनं खाली बघत सांगून टाकलं.

"आकडे मी उतरवलेत. फाइलमधून."

"माहितीय."

"कसं?"

"ती फाइल आमच्या सेक्शनला पण आहे. माझ्याकडे पण आहे."

"मग तुम्ही का नाही उतरवले? फार सज्जन का?"

"छे. मी जाम आळशी." तो हसला. "घरामागे एक डोबा आहे, छोटंसं डबकं. लहानपणी पहाटे जाऊन बघायचो, मासे असे आ करून वर यायचे. मला वाटायचं, बोलतायत. हात लिहायला गेला आणि... मासे आठवले. मग नाही लिहिता आलं."

ऋता हसली नाही. तिला हसू आलंच नाही. या माणसाला सत्य वगैरे मोठे शब्द येत नव्हते, मराठी तर धड येतच नव्हतं. पण कधीकाळी पाहिलेल्या माशांशी खोटं बोलवलं नाही त्याला. तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक रेघ होती.

"तू म्हण मला," ती म्हणाली. "तुम्ही-तुम्ही ऐकून बँकेत आल्यासारखं वाटतंय."

तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या तासात काय झालं ते विचारू नका. ती बोलली, तो ऐकत राहिला. तो बोलला, तिनं त्याचं मराठी दुरुस्त केलं. मग दुरुस्त करायचं विसरून गेली. बदलीचं, जागेचं, नागपूरचंही तिनं सांगितलं. त्यावर त्यानं टोपी पुन्हा डोक्यात घातली, पार डोळ्यांपर्यंत.

दोन वाजता साका निघाला चहाच्या काढ्यासारखा गडद. सोमवारी प्रयोगशाळेत दोन्ही बाटल्यांचा हिशोब लागला. पहाटे २.९. दुपारी ८.४.

"उत्तर काय देणारेस?" शौनकनं फोनवर विचारलं.

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

"ऋता... मी प्रश्न काढून टाकू का? कुणी नाही वाचला असेल."

"काढलास तर तुझं तोंड बघणार नाही."

गुरुवारी तिच्या वर्गातली नूपुर तिचा मसुदा वाचून पांढरी पडली. "डोकं फिरलंय का तुझं? सगळ्यांचे आकडे त्याच फाइलमधले आहेत. तू कबूल केलंस की सगळ्यांकडे बोट जाणार. लिही ना, ढगाळ हवा होती म्हणून तसं रीडिंग आलं. कोण विचारतंय?"

"बेचाळीस विचारतो," ऋता म्हणाली.

आणि तिनं लिहिलं. साध्या शब्दांत. मागचे आकडे माझे नाहीत, उतरवलेले आहेत. हे माझे. पहाटे माझ्या तळ्यातले मासे वर येऊन श्वास घेतात. मी तिथं गेलेच नव्हते म्हणून मला ते माहीत नव्हतं. खाली दोन्ही बाटल्यांचे फोटो. आणि बटण दाबलं.

खरं बोललं की बक्षीस मिळतं असं शाळेच्या पुस्तकात असतं. कॉलेजला ते पुस्तक नेमलेलं नाही. मृणाल मॅडमनी तिला बोलावलं, खुर्ची दिली, चष्मा काढून ठेवला.

"या सत्रातलं सगळ्यांत चांगलं उत्तर तुझं आहे. त्याचे पूर्ण गुण देतेय. पण जागा नाही देता येणार, ऋता. संस्थेला मी तुझ्या ज्या पोस्ट पाठवल्या, त्यात ते जुने आकडे होते. मला तसं कळवावं लागलं."

"हो, मॅडम."

"वाईट वाटतंय मला. खरंच."

"जागा कुणाला, मॅडम?"

"बेचाळीस नंबरला. त्याचं एकही रीडिंग उसनं नाही."

साडेदहाला सकाळचं सेक्शन सुटतं आणि दुपारचं आत येतं. त्या पंधरा मिनिटांत कॉलेजच्या फाटकात नुसती रेटारेटी असते. त्या गर्दीत शौनक भिंतीला टेकून उभा होता, आजारी पडल्यासारखा चेहरा करून.

"मी नाही म्हणून सांगणार आहे मॅडमना," तो म्हणाला. "माझ्या प्रश्नामुळे तुझी जागा गेली. मला नको ती."

"तुझ्या प्रश्नामुळे नाही गेली. माझ्या उतरवण्यामुळे गेली." ऋतानं दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढला. "आणि हे त्यागबिग माझ्यासमोर नको. तू सोडलीस तर ती कुणा फाइलवाल्याला मिळेल. तेवढ्यासाठी मी सगळ्या वर्गासमोर तोंडघशी पडले का?"

"पण तू जाशील..."

"जाईन. बाबांना काल सांगितलं सगळं. आधी रागावले, मग म्हणाले, तिकडच्या कॉलेजात मी बोलतो. एप्रिलमध्ये जातोय आम्ही."

तो खाली बघत राहिला. लोक धक्के मारून जात होते.

"शौनक, वर बघ. मला तू आवडतोस. तुझं भयंकर मराठी, ती माकडटोपी... आणि तो प्रश्न विचारलास ते सगळ्यांत जास्त. मला आतापर्यंत सगळ्यांनी छान छानच म्हटलंय. आता तू बोल काहीतरी. मला एकटीला लाज वाटतेय."

"मी..." त्याच्या ओठांवर मराठी आलं, बंगाली आलं, आणि दोन्ही अडकलं. शेवटी तो म्हणाला, "मी त्या रविवारी दोन वाजूच नये म्हणत होतो."

पोरी शेजारून जाताना फिदीफिदी हसल्या. हसू देत.

"मग असं कर," ऋता म्हणाली. "प्रोजेक्ट मन लावून कर. आणि मेमध्ये चार दिवस सुट्टी काढून नागपूरला ये."

"मेमध्ये? नागपूरला? तिथं पंचेचाळीस असतो."

"म्हणूनच. हिवाळ्यात काय, संत्री खायला कुणीही येतं."

त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथंच, फाटकात, रेटारेटीत, हावड्याहून सुटणाऱ्या गाड्या शोधू लागला. ती त्याच्या खांद्याशी वाकून बघत होती. घंटा झाली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"जायचं तिकीट मिळतंय," तो म्हणाला. "परतीचं कधीचं काढू?"

"आधी ये तर," ऋता म्हणाली, आणि त्याचा फोन हळूच उलटा केला.