तिसऱ्या हाकेची वाट

देवाशपथ सांगतो, यात माझ्या पदरचं काही नाही. पटत नसेल तर इथंच सोडा. गेल्या श्रावणातली गोष्ट, आरे-वारेच्या रस्त्यावरची. माझा मावसभाऊ सलिल तिथं चार खोल्यांचा होमस्टे चालवतो.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

सलिल वरून हसरा, आतून पार खचलेला. एकाएकी छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. बायकोला, सानिकाला, सांगायची लाज. डॉक्टरकडे जावं तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. म्हणून तो मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये शिरला. सगळे असेच आतून खचलेले छोटे धंदेवाले, सगळ्यांची खोटी नावं. नियम एकच. कुणी लिहिलं, ‘कोणी आहे का?’ की ज्याला आधी दिसेल त्यानं ताबडतोब ओ द्यायची.

फेब्रुवारीत सलिलनं स्वतःच तसं लिहिलं होतं. ‘लंगर’ नावाच्या कुणीतरी ओ दिली आणि दोन तास त्याला बोलतं ठेवलं. त्या दिवशी त्याच्यामुळे जगलो, असं सलिल म्हणतो.

तर त्या दुपारी सानिका एसटीनं रत्नागिरीला गेलेली. पाहुणे नाहीत, खोल्यांना कुलपं. वारा पडलेला. समुद्राची गाजसुद्धा... ऐकू येईना.

मोबाईल वाजला. लंगर.

‘कोणी आहे का?’

सलिलनं मागचापुढचा विचार न करता लिहिलं, ‘ओ. आहे मी.’



मग चार नंबरच्या बंद खोलीतून... हाक आली.

“सलिल.”

ग्रुपमध्ये त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोबाईल पुन्हा वाजला. ‘मी तुला ओ दिली, तू मला दिलीस. आता दार उघड.’

आणि चार नंबरचं कुलूप... आपोआप हलायला लागलं.

सलिल अनवाणी पळाला तो थेट आवडाबाईच्या पडवीत. आवडाबाई म्हणजे खोल्या झाडायला येणारी शेजारीण. सगळं ऐकून तिचा चेहराच उतरला.

“पयल्या हाकेला ओ दिलीस?” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा हाक मारतो तोच मानूस. भुतांना दोनदाच हाक मारता येते.”

ग्रुप चालवणाऱ्याला विचारलं. त्यानं कळवलं, लंगर जानेवारीतच वारला.

मग फेब्रुवारीत दोन तास बोलला तो कोण?

सलिलनं ग्रुप सोडलेला नाही. सोडला तर जगू कसा, म्हणतो. फक्त पहिल्या दोन हाकांना ओ देत नाही.

परवा दुपारी कुणा नव्यानं लिहिलं, ‘कोणी आहे का?’

सलिल थांबला. बाकी कुणीच ओ देईना.

थोड्या वेळानं पुन्हा... ‘कोणी आहे का? प्लीज.’

सलिल मोबाईल हातात धरून बसून राहिला. तिसऱ्यांदा विचारलं की देऊ ओ.

तिसऱ्यांदा काही आलंच नाही.

तेव्हापासून मला रोज फोन करतो मेला. एकच विचारतो, “माणूस असला तर रे?”

मी काय सांगू, कपाळ?